‘छान’च्या पुढचं

मित्रानं कविता वाचून दाखवली की आपण ‘छान’ म्हणतो आणि चहाकडे वळतो. यवतमाळशेजारच्या अमरावतीचे गझलकार सुरेश भट एवढ्यावर थांबले नाहीत. नवख्या गझलकारांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. मतला, काफिया, रदीफ, वृत्त हे गझलेचं सगळं तंत्र सोप्या मराठीत समजावलं. नुसती पाठ थोपटणं त्या मानानं फारच स्वस्त! शिवाय मोठं व्यासपीठ रोज मिळत नाही. आपल्या यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं ते १९७३ मध्ये, मग थेट २०१९ मध्ये. मधली सेहेचाळीस वर्षं लिहिणाऱ्याला आधार कुणाचा? ऐकणाऱ्या मित्राचाच. तेव्हा कोणती ओळ आवडली, का आवडली, ते नेमकं सांगा. कुठं अडखळलात तेही दाखवा. लिहिणाऱ्याचा वऱ्हाडी शब्द मात्र बदलायला लावू नका.