रक्ताचा नकाशा



भारतात सिकलसेलची पहिली नोंद झाली १९५२ साली, आणि तीही देशाच्या दोन टोकांना: दक्षिणेत निलगिरीच्या आदिवासींमध्ये आणि ईशान्येस आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्ये. हे मजूर मूळचे आसामचे नव्हेत. मळ्यांना स्वस्त मजुरी हवी होती, म्हणून छोटा नागपूर, ओडिशा या भागांतून दलालांनी आदिवासींना तिकडे नेले. माणसांबरोबर त्यांचे रक्तही गेले. त्याच आसामात पूर्वापार राहणाऱ्या बोडो-कछारी समाजात सिकलसेल विरळा. तेथे हिमोग्लोबिन ‘ई’ हा निराळाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. तो एकटा सहसा सौम्य. थॅलेसेमियाच्या जनुकाशी त्याची गाठ पडली तर मात्र घातक. तेव्हा या साऱ्यावर ‘आदिवासींचा आजार’ असा एकच शिक्का मारणे हे अज्ञान होय. विदर्भात सिकलसेल दलित समाजातही आहे.

या भेदांचे मूळ कशात? डाव्या विचारांचे शास्त्रज्ञ हाल्डेन (पुढे ते भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले) यांनी १९४९ मध्ये थॅलेसेमिया व हिवताप यांचा संबंध सुचविला. सिकलसेलबाबत तो ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील पाहणीतून दाखविला. आईबापांपैकी एकाकडूनच सिकलसेलचे जनुक आलेले मूल मारक हिवतापातून वाचण्याचा संभव अधिक. दोघांकडून आले तर तेच जनुक रोग होऊन बसते. ज्याला हीन रक्त म्हणून हिणवले जाते, ती वस्तुतः हिवतापाच्या रानात जगून राहिल्याची खूण आहे.

भारतीय आदिवासींत हा रोग आफ्रिकेच्या मानाने सौम्य असतो, असे ग्रंथांत वाचावयास मिळते. त्यात तथ्य आहे. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन त्यांच्यात मोठेपणीही अधिक टिकते. परंतु ‘सौम्य’ हा शब्द सरकारी दप्तरात गेला की त्याची सबब होते. नंदुरबार-गडचिरोलीच्या दुर्गम पाड्यावर सांधे ठणकत पडलेल्या पोराला या सौम्यतेचा उपयोग काय?

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. १७ राज्ये, ७ कोटी लोकांची तपासणी आणि निर्मूलनासाठी २०४७ साल, असे उद्दिष्ट ठरले. तपासणी हवीच. पण तपासून हाती कार्ड द्यावयाचे आणि लग्न जुळविताना ते पाहा म्हणावयाचे, एवढ्यावर भागत नाही. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे नीट समजावले नाही तर ते कार्ड मुलीच्या सोयरिकीत आडवे येते. आणि ज्यांना रोग आहेच, त्यांना हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज लागते, तीही अधूनमधून रक्त तपासून. ती गोळी आणि ती तपासणी पाड्याजवळच्या आरोग्य केंद्रात बारमाही मिळते की नाही, हे कार्यकर्त्यांनी तेथे जाऊन विचारावे, पावसाळ्यात विशेषेकरून.