सवय लावायची कशी? विचारा कारखान्याला!

पुण्याजवळच्या भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्यात पाळी सुटायच्या वेळी डोकावलं, तर हातात फडकं घेऊन आपापलं मशीन पुसणारे कामगार दिसतात. पान्यांच्या फळ्यावर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला असतो. एक जरी जागेवर नसला, तरी लगेच कळतं. ही ‘फाइव्ह एस’ पद्धत मूळची जपानची. नको ते काढणं, हवं ते जागेवर लावणं, स्वच्छता, तिचे ठरलेले नियम आणि रोजची शिस्त, अशा तिच्या पाच पायऱ्या. खरा कस लागतो तो पाचवीला. पण रोज मशीन पुसणाऱ्यालाच सैल झालेला बोल्ट किंवा गळणारं तेल वेळीच सापडतं.

घरीही रोजच्या शिस्तीचं हेच सूत्र चालतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणासाठी १८, तर कुणासाठी थेट २५४ दिवसांचा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकला, तरी फारसं बिघडलं नाही.

तेव्हा सवय छोटी निवडा आणि तिला रोजच्या एखाद्या कामाची जोड द्या. पाळी बदलली की झोपेची वेळ बदलते. म्हणून ‘सकाळी सहाला वाचेन’ असं न म्हणता ‘कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर दोन पानं वाचेन’ असं ठरवा. जमलं त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. एक दिवस हुकला, तर दुसरा हुकू देऊ नका.