नाथांची कावड आणि आपली सहल

(मंगलाचरण आणि नामघोष झाल्यावर)



दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच बोलणं सुरू होतं, औंदा कुठं जायचं? पोरं म्हणतात समुद्र, सूनबाई म्हणतात थंड हवेचं ठिकाण, आणि कोपऱ्यात बसलेली आजी हळूच म्हणते, "बाळांनो, पैठण दाखवाल का रे?" मग मध्यम मार्ग निघतो. देवगिरीचा किल्ला बघू, वेरूळची लेणी बघू, घृष्णेश्वराचं दर्शन घेऊ, दुसऱ्या दिवशी पैठण करू आणि परत येऊ. सहलही झाली, यात्राही झाली.

आता कोणी म्हणेल, महाराज सहलीला नावं ठेवणार. मुळीच नाही. वारकरी हा चालणारा माणूस आहे, आणि जो चालतो तो बघतोच. डोळे देवानेच दिले आहेत. माझं म्हणणं इतकंच, की ज्या वाटेवर तुमची गाडी जाते ना, ती नाथांची वाट आहे. शांतिब्रह्म एकनाथ महाराजांचं बालपण, गुरुसेवा, संसार, समाधी, सगळं ह्याच वाटेवर. तेव्हा आज आपण इथं बसूनच ती सहल करू. तिकीट नाही, खर्च नाही. चला.

संभाजीनगरहून निघालं की पहिल्यांदा लागतो देवगिरी. लांबूनच डोंगर दिसतो, सुळक्यासारखा. कडे तासून गुळगुळीत केलेले, खाली खंदक. वर जायला वाट कुठून, तर काळ्या अंधाऱ्या भुयारातून. शत्रू आत शिरला तर तिथंच चाचपडत राहावा, अशी रचना. यादवांची ही राजधानी. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी इथं चालून आला. पुढं १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानं दिल्लीची माणसं हलवून इथं आणली, गावाचं नाव दौलताबाद ठेवलं, आणि काही वर्षांत परत दिल्ली गाठली. किती आले, किती गेले! गाईड हे सगळं सांगतो, तोफ दाखवतो, चाँदमिनार दाखवतो. पण ह्याच गडावर एक पोरगा रात्रभर दिव्याशी बसला होता, हे आपण आठवायचं.

तो पोरगा म्हणजे एका. पैठणहून गुरूच्या शोधात आलेला. जनार्दनस्वामी इथले किल्लेदार. दिवसा कारभार, मनात दत्तप्रभू. त्यांनी एकाला हिशेबाला बसवलं. कथा तुम्हाला ठाऊक आहे. एका पैचा मेळ बसेना. रात्र चढली, दिव्यात तेल घातलं, पुन्हा वही पहिल्यापासून. पहाटे पहाटे चूक सापडली आणि एकानं आनंदानं टाळी वाजवली. स्वामी उठून आले. म्हणाले, बाळ, एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद. मग ह्या संसारातली मोठी चूक सापडली तर केवढा होईल!

बघा हं. गड तोच. तुघलकाला तिथं राजधानी दिसली, नाथांना तिथं आपली चूक शोधायची दृष्टी मिळाली. आपल्याला काय मिळतं? आपण खाली येतो आणि म्हणतो, पायऱ्या लई आहेत बुवा!

(नामघोष : विठ्ठल विठ्ठल)

पुढं वेरूळ. एकाच डोंगराच्या कुशीत चौतीस लेणी. पहिली बारा बौद्धांची, मधली सतरा शंकर-विष्णूंची, शेवटची पाच जैनांची. भिंतीला भिंत लागून तीन धर्म शेकडो वर्षं नांदले. आणि सोळावं लेणं म्हणजे कैलास. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांचा राजा पहिला कृष्ण याच्या काळात घडलेलं. आत पाऊल टाकलं की माणूस बोलायचा थांबतो. देऊळ, हत्ती, ध्वजस्तंभ, सगळं एकाच खडकात. सुमारे शंभर फूट उंच.

आपण घर कसं बांधतो? पाया खणतो, भिंत रचतो, मग छप्पर. कैलासाचं उलटं. आधी शिखर, मग खाली खाली. त्याची एक जुनी कथा आहे. राजा आजारी पडला. राणीनं शंकराला साकडं घातलं, राजा बरा होऊ दे, तुझं देऊळ बांधीन, आणि त्याचं शिखर दिसेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. राजा बरा झाला. आता देऊळ बांधायला वर्षं लागणार. राणी जगणार कशी? सगळे कारागीर माना खाली घालून उभे. तेव्हा कोकस नावाचा शिल्पी पुढं आला, म्हणाला, आठवड्यात शिखर दाखवतो. हा कोकस कुठला म्हणाल? कथा सांगते, पैठणचा! त्यानं डोंगराच्या माथ्यावरूनच कोरायला सुरुवात केली. शिखर आधी दिसलं, राणीचा उपास सुटला.

कथा आहे, कथेसारखी घ्या. पण छिन्नी वरून खाली गेली, हे तर डोळ्यांना दिसतं. मंडळी, त्या कारागिरांनी बाहेरून काय आणलं? दगड आणला नाही, विटा आणल्या नाहीत. नको तेवढं काढत गेले, आणि आत कैलास होताच. आपल्या आतही आहे. वरती मीपणाचा खडक आहे, म्हणून दिसत नाही. आणि आपण यात्रेला जाऊन काय करतो? भर घालतो. फोटोंची भर, खरेदीची भर, 'आम्ही बारा ज्योतिर्लिंगं केली' ह्या अभिमानाची भर! अहो, छिन्नी मारायची तिथं आपण गिलावा करतो.

लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर घृष्णेश्वर. मालोजीराजे भोसल्यांनी ह्या देवळाचा जीर्णोद्धार केला. वेरूळ हे भोसल्यांचंच गाव. पुढं अहिल्यादेवींनी आजचं देऊळ उभं केलं. पुरुषांनी गाभाऱ्यात जाताना अंगातला सदरा काढून जायचं असतं. तिथं साहेब आणि शिपाई सारखेच. इथं घृष्णेची कथा. रोज मातीची शिवलिंगं करून पुजायची आणि तळ्यात सोडायची. सवतीनं मत्सरानं तिचा मुलगा मारला. देव प्रसन्न झाला, मुलगा परत दिला, आणि सवतीला शिक्षा करायला निघाला. घृष्णा म्हणाली, देवा, तिला क्षमा कर. पोटच्या पोराचं दुःख गिळून राग खरवडून काढला तिनं. ही खरी छिन्नी.

आता दुसरा दिवस. पैठण. जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. गोदामाई, पलीकडं जायकवाडीचं धरण, त्या पाण्यालाही नाव नाथसागर. गावात नाथांचा वाडा, नदीकाठी समाधी. समाधीची तिथी फाल्गुन वद्य षष्ठी. त्याच तिथीला आजही नाथषष्ठीची यात्रा भरते, दिंड्या लोटतात.

इथं आलात की एक कावड आठवा. काशीहून गंगेचं पाणी कावडीनं घ्यायचं आणि रामेश्वराला नेऊन घालायचं, ही केवढी मोठी यात्रा! रेल्वे नाही, रस्ता नाही. महिनोन् महिने पायपीट. नाथ निघाले आहेत, बरोबर मंडळी आहेत. रामेश्वर टप्प्यात आला. आता काय, दोन मजला राहिल्या. आणि वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तडफडतंय. पाण्यावाचून जीभ बाहेर आलेली.

सगळे बाजूनं निघून गेले. का? वाईट होते का? नाही हो. त्यांच्या खांद्यावर पुण्य होतं! ते सांडू नये म्हणून ते जपून चालले होते. नाथ थांबले. कावड खाली ठेवली, झाकण काढलं, आणि ते गंगाजल गाढवाच्या तोंडात घातलं. बरोबरचे ओरडले, यात्रा फुकट गेली! नाथांचं म्हणणं, माझा रामेश्वर इथंच मला भेटायला आला.

(पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!)

आणि पैठणला नाथांच्या वाड्यात काय दाखवतात? रांजण. श्रीखंड्या नावाचा गडी होऊन साक्षात द्वारकेचा राणा बारा वर्षं पाणी भरत होता, तो रांजण. लोक अजून भक्तीनं त्यात पाणी घालतात. हिशेब लागला का? एकानं तहानलेल्या जिवाला कावड रिकामी केली, त्याच्या दारी देव कावड घेऊन उभा राहिला. पैचा मेळ बसला!

आता म्हणाल, हे नाथांना जमतं, आम्हाला कसं जमायचं? तर ऐका. आपल्याच मंडळींची गाडी वेरूळला गेली होती. पन्नास माणसं. सगळे उतरले. एक माळकरी काका, सत्तरी ओलांडलेले, पहिल्यांदाच आलेले. त्यांनी ड्रायव्हरला सहज विचारलं, "दादा, तुम्ही बघितलं असेल पुष्कळदा?" तो म्हणाला, "नऊ वर्षं गाड्या आणतोय काका. आत गेलो नाही. गाडीपाशी कुणीतरी लागतं, सामान असतं सगळ्यांचं." काका जरा थांबले. म्हणाले, "मी बसतो सामानापाशी. तू जाऊन ये." तो नको नको म्हणत होता. काकांनी ऐकलं नाही.

तासाभरानं तो आला. काका म्हणाले, "आता मला सांग, काय बघितलंस?" आणि तो सांगत बसला. हत्ती कसे, शिखर कसं, रावण कैलास हलवतोय तो कसा. काकांच्या घरच्यांना हळहळ वाटली, एवढ्या लांब येऊन तुमचं राहिलं. राहिलं खरं. त्या वयाला पुन्हा येणं होईल, न होईल. पण कावड कुठं रिकामी झाली, ते नाथांनी पाहिलंच असणार.

म्हणून जा मंडळी, अवश्य जा. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, तेवढं बघून निघा. पोरांना इतिहास सांगा, लेण्यांना हात लावून नावं कोरू देऊ नका. आणि गाडीत परत बसताना माणसं मोजतो ना आपण, तेव्हा एवढं विचारा : आपल्यातलं कोण मागं राहिलं? गुडघ्यामुळं खाली बसलेली आजी, पोर सांभाळत बसलेली सून, सामानापाशीचा गडी. पुढच्या ठिकाणी त्यांच्या जागी आपण बसायचं. तिथं बसून नाम घ्यायला तिकीट लागत नाही.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम. शांतिब्रह्म एकनाथ महाराज की जय!