पहिली मॅरेथॉन : कोणता सराव, किती वेळ?

मागच्या वेळी मी दहा किलोमीटरच्या दौडीबद्दल बोलले होते. त्यानंतर दोन गटांकडून एकच प्रश्न आला. पूर्ण मॅरेथॉन धावायची म्हटली तर सराव कुठला धरायचा, आणि किती वेळात संपवायची असं ठरवायचं? आज तेवढंच बोलणार आहे. माझी जाऊबाई येत्या जानेवारीत पहिल्यांदा बेचाळीस धावणार आहे आणि आमच्या घरात ह्याच प्रश्नावरून सध्या वाद चालू आहे, त्यामुळे विषय तोंडावरच आहे.

आधी अंतर सांगते. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. गावातल्या तीन किलोमीटरच्या दौडीलाही फलकावर मॅरेथॉनच लिहितात, म्हणून सांगावं लागतं. बारामतीच्या लताबाई करे आठवतात ना? नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते म्हणून साठी ओलांडलेली बाई नऊवारीत, अनवाणी धावली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली. त्यांच्यावर सिनेमाही निघाला. बाईचं धाडस मोठंच. पण ती दौड तीन किलोमीटरची होती. 'लताबाई धावल्या, मग आपण का नाही' असं म्हणत कुणी थेट बेचाळीसला नाव नोंदवू नका. बायकांना एवढं अंतर झेपणार नाही असं जगही फार वर्षं म्हणत होतं. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती थेट १९८४ साली. अंतर झेपतं, फक्त त्याला तयारीचा वेळ द्यावा लागतो.

माझी चूक सांगते. मी पहिल्यांदा ठरवलं तेव्हा भाच्याने मोबाईलवरून एक तक्ता काढून दिला. सोळा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस धावणं, आणि वर लिहिलेलं : पाच तासांत मॅरेथॉन. पाच हा आकडा छान गोल वाटला, म्हणून मी तोच धरला. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात होतं की हा सराव आधीच आठवड्याला पंचवीस-तीस किलोमीटर धावणाऱ्यांसाठी आहे. मी तेव्हा जेमतेम बारा धावत होते. त्यात सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागला, भात पिकलं. दिवसभर कापणी, पेंढ्या बांधणं, आणि पहाटे तक्ता म्हणतो म्हणून दहा किलोमीटर. सहाव्या आठवड्यात नडगीच्या हाडाला हात लावला तरी कळ यायची. डॉक्टर म्हणाले, दीड महिना धावणं बंद. त्या जानेवारीत मी दौड टीव्हीवर बघितली.

त्याच वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.१. आपल्यासारख्या बायकांचं ते बारा तरी असावं. मी इतके दिवस समजत होते की दम लागतो तो वयामुळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला आहे, म्हणजे आपल्या गटात दहाजणी बसल्या असतील तर पाच-सहाजणींची हीच गोष्ट असू शकते. रक्त कमी असेल तर कुठलाही तक्ता कामाचा नाही. आधी तपासणी, डॉक्टर सांगतील तशा लोहाच्या गोळ्या, आणि तीन महिन्यांनी परत तपासणी. रक्तदाब, साखर, छातीत दुखणं, घरात कुणाला हृदयाचा त्रास, हेही तेव्हाच सांगून टाका. आणखी एक, जे कुणी बोलत नाही. बाळंतपणं झालेल्या पुष्कळजणींना धावताना लघवीचे थेंब येतात. त्याला व्यायाम असतात, सिस्टरना विचारा. लाजून धावणं सोडू नका.

आता सराव. तक्ता निवडताना मी तीन प्रश्न विचारते. पहिला, तो सुरू कुठून होतो? पहिल्या रविवारी तो जेवढं अंतर मागतो तेवढं आज तुम्ही आरामात चालत-धावत जाता का? नसाल तर तो तक्ता तुमचा नाही, मग तो कितीही मोठ्या माणसाने केलेला असो. दुसरा, आठवड्यातून किती दिवस? शेत, स्वयंपाक, पाणी, गुरं सांभाळणाऱ्या बाईला चार दिवस पुरे. तीन दिवस छोटं आणि एक दिवस लांबचं. तिसरा प्रश्न, तक्त्यात तुमची वर्षाची कामं बसतात का?

तो तिसरा प्रश्न छापील तक्त्यात कुठेच नसतो, म्हणून दुसऱ्या वर्षी मी आमचा तक्ता कालनिर्णय समोर ठेवूनच आखला. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून मागे चोवीस आठवडे मोजले की ऑगस्टची सुरुवात येते, तोवर लावणी उरकलेली असते. तिथे आठ किलोमीटरने सुरुवात. गणपतीपर्यंत बारा-चौदा. गौरीच्या आठवड्यात फक्त चालणं, कारण त्या आठवड्यात झोपच नसते. नवरात्रात ज्यांचे नऊ दिवस उपास असतात त्यांनी अंतर वाढवायचंच नाही. दसऱ्याच्या आसपास एकवीस. मग कापणीचे तीन आठवडे निम्म्यावर. कापणी हा व्यायामच आहे, कमरेला आणि मांड्यांना विचारा. दिवाळीनंतर चोवीस, सव्वीस, आणि डिसेंबरच्या मध्याला एकदा तीस. मार्गशीर्षातले गुरुवार उपासाचे, म्हणून गुरुवारी सुट्टी. शेवटचे तीन आठवडे कमी करत यायचं. तेव्हा जीव घाबरतो, वाटतं सराव बुडतोय. पण पाय तेव्हाच भरून येतात. आणि दर चौथ्या आठवड्याला अंतर थोडं खाली आणायचं.

सरावात पूर्ण बेचाळीस कधीच धावायचं नसतं, हे ऐकून जाऊबाईंना धक्का बसला होता. तीस-बत्तीसच्या पुढे गेलं की शरीर सावरायला इतके दिवस लागतात की पुढचा सराव मोडतो.

लांबच्या दौडीचा वेग किती? शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे इतकाच. आम्ही दोघी चार मिनिटं धावतो, एक मिनिट चालतो, अगदी पहिल्या मिनिटापासून. दमल्यावर चालणं वेगळं आणि दमायच्या आधी चालणं वेगळं. जेफ गॅलोवे नावाच्या अमेरिकन ऑलिंपिक धावपटूने ही पद्धत लोकांना शिकवली. आम्हाला मात्र ती डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या आमच्या आजीकडून आधीच माहीत होती. ती दर वळणावर टेकायची.

नेरे गावापासून देहरंग धरणाकडे जाणारा रस्ता आम्हाला बरा पडतो. महामार्गावर आम्ही जात नाही. पहाटे एकटी कुणी निघत नाही, पांढरा किंवा चमकणारा कपडा अंगावर, कुत्र्यांसाठी हातात काठी. बूट दौडीच्या दिवशी नवे घालायचे नाहीत. सलवार-कुडता चालतो, पण जे घालून तीस किलोमीटर केलं असेल तेच घालायचं. मांडीला, काखेला कुठे घासतं ते पंधरानंतरच कळतं.

आता वेळेकडे येऊ, कारण खरा वाद तिथेच आहे.

आधी स्पर्धेचं पत्रक वाचा. प्रत्येक ठिकाणी शेवटची मुदत असते, त्यानंतर रस्ता मोकळा करतात. सात तास धरले तर एका किलोमीटरला साधारण दहा मिनिटं मिळतात. साडेसहा तासांना सव्वानऊ मिनिटं. सहाला साडेआठ. पाचला सात मिनिटांच्या थोडं वर. हे आकडे वहीत लिहून ठेवा आणि आपल्या लांबच्या दौडीशी ताडून बघा.

मग अर्धी मॅरेथॉन धावा. ती न धावता वेळ ठरवणं म्हणजे कापड न मोजता ब्लाऊज बेतणं. अर्धीची वेळ दुप्पट करा आणि वर वीस मिनिटं ते अर्धा तास घाला. पहिलीच असेल तर अर्धाच तास घाला. कारण तिसाव्या किलोमीटरनंतर अंगातली साठवलेली साखर संपत येते आणि पाय एकदम जड होतात. माझी अर्धी २ तास ५२ मिनिटांत झाली होती. दुप्पट ५ तास ४४, वर अर्धा तास, म्हणजे सव्वासहा. मी साडेसहा धरले. जाऊबाईंची अर्धी २ तास ३४ ची. त्या म्हणतात, "तू साडेसहाचं ठरवलंस, मी पाचात येते." मी म्हटलं, वहिनी, नुसती दुप्पट केली तरी ५ तास ८ मिनिटं होतात, मग पाच कुठून आणणार? त्यांचा हिशोब पाच तास चाळीस मिनिटांच्या आसपास येतो. त्यावर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मोठ्या धावपटूंचंही ठरवलेलं हलतं. आपल्या नाशिककडची, सावरपाड्याची कविता राऊत. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने २ तास ३८ मिनिटांत मॅरेथॉन मारून सोनं आणलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकला तिला जवळपास तीन तास लागले. तीच बाई, तेच पाय, सहा महिन्यांत वीस मिनिटांचा फरक. म्हणून मी दोन वेळा धरते. एक, सगळं जमून आलं तर. दुसरी, ऊन तापलं, पोट बिघडलं, पाळी आली तर. दुसरी वेळ गाठली तरी घरी येऊन पुरणपोळी करायची.

माझं काय झालं तेही सांगते. मध्यापर्यंत मी ३ तास ५ मिनिटांत पोचले. गर्दीत, ढोल-ताशात, ठरवल्यापेक्षा जोरात गेले होते. बत्तीसाव्या किलोमीटरला बिल चुकतं करावं लागलं. पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात येतो, तिथे मी पूर्ण चालले. ६ तास ३३ मिनिटं. ठरवलेल्यापेक्षा तीन मिनिटं उशीर. त्या तीन मिनिटांचं मला अजून वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

खाण्याचं थोडक्यात. पहिल्या तासानंतर दर अर्ध्या-पाऊण तासाने काहीतरी गोड : अर्धं केळं, चिक्कीचा तुकडा, राजगिऱ्याचा लाडू. नुसतं पाणी ढोसत राहू नका, अंगातलं मीठ पातळ होऊन चक्कर येते. मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी किंवा ओआरएस घ्या. जे दौडीत खाणार ते आधी सरावात खाऊन बघा. आदल्या रात्री मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करा, पनवेलहून पहाटे निघून धावपळ नको.

जाऊबाई आता पाच चाळीसवर आल्या आहेत, पण मनातून नाही. आमचं असं ठरलं आहे : येत्या रविवारी सव्वीस किलोमीटर आहे. पहिले सहा आणि शेवटचे सहा किलोमीटर, दोन्हींची वेळ वहीत लिहायची. शेवटचे सहा फार मागे पडले तर सहा तास धरायचे, सारखे आले तर पाच चाळीस. पाचाचं नाव काढायचं नाही. पहाटे साडेचारला नेरे फाट्यावर भेटतो आहोत. जवळच्या गावातल्या कुणाला पहिले पाच किलोमीटर सोबत यायचं असेल तर या, बॅटरी मात्र आपली आपण आणा.