बुडीत गाडी घ्यावी काय?



दर्यापूरकडचे एक गुरुजी मागं भेटले. अकोल्यात त्यांनी एक चारचाकी पाहून ठेवली होती. रंग नवा, गाद्या नव्या, किंमत बाजारभावाच्या निम्मी. म्हणाले, "विमा कंपनीनं मोडीत काढली होती, मिस्त्रीनं पुन्हा उभी केली. घेऊ काय?" पैसे भविष्यनिर्वाह निधीतून काढायचे होते. चटकन हो म्हणायला माझी जीभ रेटेना.

मोडीत काढली म्हणजे गाडी मेलीच असं नव्हे, बरं का. तो एक हिशेब आहे. पॉलिसीत गाडीची किंमत लिहिलेली असते. दुरुस्तीचा खर्च तिच्या शेकडा 75 च्या वर गेला, म्हणजे चार लाखांच्या गाडीला तीन लाखांहून जास्त, की कंपनी मालकाला पैसे देऊन मोकळी होते आणि गाडी बोलीनं विकली जाते. ती घेणारा मिस्त्री काही वेडा नसतो. कंपनीचं वर्कशॉप नवा दरवाजा बसवतं, हा जुना आणतो, पत्रा ठोकून सरळ करतो. त्यात लबाडी नाही. तिफणीचा मोडका फण बदलून आपणही पेरतोच की!

पण गाडी कशानं मोडली, यावर सारं आहे. दरवाजे चेपले, काचा फुटल्या, तर ती नीट होते. मूळ सांगाडाच वाकला असला तर टायर एका अंगानं झिजत राहतात.

सर्वांत वाईट गाडी पुराची. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. 2019 साली सांगली-कोल्हापूर, 2021 साली चिपळूण बुडालं. पुरात उभी राहिलेली गाडी धुऊनपुसून लांबच्या गावी खपवणं सोपं. इंजिन एकवेळ वाचतं, पण तारांच्या जोडांत चढलेला गंज काही महिन्यांनी त्रास देतो. दिवे आपोआप लागतात, गाडी भररस्त्यात बंद पडते. म्हणून स्टेपनीखालचा खळगा पाहा, सीटखालच्या लोखंडी पट्ट्या पाहा, आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. धुणाऱ्याचा हात तिथवर सहसा पोचत नाही.

आता कागद. गाडी कायमची निकामी झाली तर मालकानं 14 दिवसांत आरटीओला कळवावं, असं 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 55 वं कलम सांगतं. मग तिची नोंदणी रद्द होते. अशी गाडी घेऊन रस्त्यावर येता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक वाईट. काही चोरांना मोडीची गाडी नकोच असते. हवे असतात तिचे कागद आणि चेसिस नंबर. तो नंबर चोरीच्या गाडीवर चढवतात. तेव्हा नंबराच्या जागेवर बोट फिरवून पाहा. पत्रा घासलेला वा जोडलेला लागला, तर भावाची बोलणी करूच नका.

एवढं ऐकून गुरुजी पुन्हा अकोल्याला गेले. बेल्ट ओढला. चार हात निघाला, आणि टोकाशी पिवळट चिखलाची रेघ. गाडीवाला म्हणाला, "चहा सांडला असेल, गुरुजी." गुरुजी एसटीनं घरी परतले.