आजारांत व आरोग्यांत
(ज्युबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



अविवाहित धर्मगुरूनें वेसाव्याच्या लोकांस संसाराविषयीं सांगणें म्हणजे किनाऱ्यावर बसून नाखव्यास सुकाणूं शिकविणें होय! परंतु "आजारांत व आरोग्यांत" हें वचन वेदीपुढें मीच वदवून घेतों. तेव्हां पुढें त्याचें काय होतें हें पाहण्याचा थोडा हक्क मलाहि आहे.

आपल्या गांवांत एक वृद्ध जोडपें आहे. आजोबांस ऐकूं येत नाहीं, आजींस आठवत नाहीं. त्यामुळें भांडण झालें तरी टिकत नाहीं. होडी विकून पुष्कळ वर्षें लोटलीं, तरी रोज तिन्हीसांजेस आजी विचारतात, "होडी आली का?" प्रश्न ऐकूं न आला तरी आजोबांस तो पाठ आहे. पूर्वीं ते समजावीत, रागावत, आजी रडत. आतां ते उंबऱ्याबाहेर जातात, पुन्हां आंत येतात आणि म्हणतात, "मी आलों." ह्यांत असत्य कांहींच नाहीं!

परवां त्यांनीं मला विचारलें, "फादर, मला आधीं बोलावणें आलें तर हिला उत्तर कोण देईल?" मी निरुत्तर झालों.

पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०२१ सालीं आजीआजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला. संत योआकीम व संत अॅना ह्यांच्या २६ जुलैच्या सणाजवळ, जुलैच्या चौथ्या रविवारीं तो येतो. तो दिवस आपण देवळांत पाळूं. इतर दिवशीं तिन्हीसांजेस कोणी तरी त्या उंबऱ्याशीं जाऊन यावें; नाखव्यासहि घटकाभर विसांवा हवा असतो. मग आजोबांच्या प्रश्नाचें उत्तर आपणां सर्वांस मिळून देतां येईल.