बीडचा नकाशा आणि ऊसतोडणीची स्त्री



भूगोल म्हणजे नद्या, डोंगर, पिके व पर्जन्यमान, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. त्या भूगोलात माणूस होता. परंतु तो बहुधा पुरुषच होता. १९८२ मध्ये जॅनिस मंक व सुसान हॅन्सन या अमेरिकन विदुषींनी मानवी भूगोलातून निम्मी मानवजात वगळली जात असल्याचे दाखवून दिले. भारतात सरस्वती राजू यांनी सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये स्त्री-पुरुषांच्या स्थितीचा नकाशासंग्रह सिद्ध केला. एकच रस्ता, एकच अंतर स्त्रीच्या व पुरुषाच्या वाट्याला सारखे येत नाही, हे स्त्रीवादी भूगोलाचे मर्म होय.

बीड जिल्ह्यात या मर्माचा प्रत्यय दरवर्षी येतो. बालाघाटच्या डोंगराळ भागात जमीन हलकी व पाऊस बेभरवशाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडणीस निघतात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडील उचल सामान्यतः पतीच्या नावे असते. पत्नीचे श्रम त्या एका कोयत्यात लपून जातात. पहाटे पाणी व चूल, दिवसभर फडात मोळ्या वाहणे, रात्री पुन्हा चूल, असा तिचा दिनक्रम. कोपीच्या आसपास न्हाणीघर व शौचालय बहुधा नसते. आजारपणात काम बुडाले, तर खाड्याचा दंड भरावा लागतो.

या व्यवस्थेची किंमत शरीराला मोजावी लागते. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. त्या वेळी जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची, म्हणजे सुमारे सहांत एकीची, ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. पावसाच्या वा पिकांच्या कोणत्याही नकाशात हे दुःख उमटले नव्हते.

ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली. मुले शिक्षणासाठी मागे राहू शकली, तर मातेचा व थोरल्या मुलीचा भार हलका होतो. परंतु एवढ्याने भागणारे नाही. कोणत्या गावची स्त्री कोणत्या कारखान्याच्या फडावर जाते, तेथून पाणी व दवाखाना किती दूर आहे, याची नोंद गावोगाव व्हावयास हवी. ही माहिती त्या स्त्रियांनाच विचारून घ्यावी. करारावर तिचे स्वतंत्र नाव आले व तिच्या मुक्कामी आरोग्यसेवा पोहोचली, म्हणजे हा नवा भूगोल बीडच्या उपयोगी पडला असे म्हणता येईल.